जीवराज नारायण मेहता

डॉ. जीवराज नारायण मेहता (जन्म : २९ ऑगस्ट, इ.स. १८८७, मृत्यू : ७ नोव्हेंबर, इ.स. १९७८) हे भारतीय वैद्यकतज्ज्ञ, वैद्यकीय शिक्षणाचे संघटक, स्वातंत्र्यसैनिक व राजकारणी होते. मुंबईतील परळ येथील शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (केईएम) यांचे ते पहिले अधिष्ठाता. बडोदा संस्थानचे दिवाण, मुंबई राज्याचे मंत्री, गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री आणि ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त ही पदे त्यांनी पुढे भूषविली. सर्वसामान्य वाचकांना त्यांचे नाव मुख्यमंत्री म्हणून ठाऊक असते. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र त्यांचे मोठे काम त्याआधीचे आहे. केवळ भारतीय अध्यापकांच्या बळावर वैद्यकीय महाविद्यालय उभे राहू शकते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांना प्रत्यक्ष कामातून द्यावे लागले.

बालपण व शिक्षण

जीवराज मेहता यांचा जन्म काठेवाडातील अमरेली येथे एका कपोळ वाणी कुटुंबात झाला. अमरेली हा त्या काळी बडोदा संस्थानचा मुलूख होता. घरची स्थिती बेताची होती. गावातील सिव्हिल सर्जन डॉ. एदलजी रुस्तमजी दादाचंदजी यांचे काम पाहून वैद्यक शिकण्याची ओढ त्यांच्या मनात निर्माण झाली. कपोळ समाजाच्या वसतिगृह-न्यासाच्या साहाय्यावर ते मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. लेखी परीक्षा व त्यानंतरची कडक तोंडी परीक्षा ब्रिटिश अधिकारी घेत असत. शेवटच्या वर्षी त्यांच्या तुकडीसाठी असलेल्या आठ पारितोषिकांपैकी सात त्यांनी मिळवली. आठवे त्यांना आपले वसतिगृहातील खोलीसोबती काशिनाथ दीक्षित यांच्यासह वाटून घ्यावे लागले.

ग्रँट महाविद्यालयात असताना एक विसंगती प्रत्येक हुशार भारतीय विद्यार्थ्याच्या ध्यानात येत असे. विद्यार्थी बहुतेक भारतीय, रुग्ण भारतीय, आणि प्राध्यापकांच्या आसनांवर मात्र इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी. परीक्षेत सर्वप्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपण पुढे याच वर्गात शिकवू, अशी आशा फारशी बाळगता येत नव्हती.

लंडनमधील वास्तव्य

उच्च शिक्षणासाठी टाटांच्या शिक्षणनिधीतून कर्जाऊ साहाय्य मिळवून ते १९०९ मध्ये लंडनला गेले व १९१५ पर्यंत तेथे राहिले. १९१४ मध्ये लंडन विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी ते रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे सदस्य झाले. तेथील भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

महात्मा गांधींशी त्यांचा निकट संबंध याच काळात आला. पहिले महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून लंडनला पोहोचले. थोड्याच दिवसांत त्यांना फुप्फुसावरणाचा दाह झाला. उपचार करणाऱ्या तरुण जीवराजांनी त्यांना दूध व धान्य घेण्याचा आग्रह धरला, परंतु गांधीजी फलाहाराच्या व्रतावरून हलले नाहीत. प्रकरण गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कानी गेले. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या गोखल्यांनी डॉक्टरांचे ऐकावे असे गांधीजींना सुचविले, तरी रुग्ण बधला नाही. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग नोंदविला आहे. सत्तावीस वर्षांच्या वैद्याला आपल्या पहिल्याच विख्यात रुग्णाकडून नकार पचवावा लागला, पण त्यातून जुळलेला स्नेह गांधीजींच्या अखेरपर्यंत टिकला.

बडोदा व विवाह

१९१५ मध्ये ते मायदेशी परतले. १९२१ ते १९२५ या काळात ते बडोदा संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीत शिक्षण व आरोग्य या खात्यांना मान होता, आणि गुणी माणसे हेरून त्यांना जबाबदारी देण्याची महाराजांची रीत होती.

१९२४ मध्ये त्यांचा विवाह हंसा मेहता यांच्याशी झाला. हंसाबेन या बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या कन्या. त्या नागर ब्राह्मण व जीवराज वाणी, म्हणजे रूढ समजुतीप्रमाणे हा प्रतिलोम विवाह होता. त्यामुळे ज्ञातीत मोठा गहजब उडाला व बहिष्कारापर्यंत मजल गेली. सयाजीरावांचा मात्र या विवाहाला पाठिंबा होता. हंसा मेहता पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता सर्व मानव असा शब्दप्रयोग यावा, यासाठी त्यांनी संयुक्त राष्ट्रांत आग्रह धरला होता.

पार्श्वभूमी : अध्यापकपदे कोणाची?

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापासून म्हणजे १८४५ पासून सुरू झाले. त्याआधी १८२६ मध्ये सरकारने एक वैद्यकशाळा काढली होती, पण ती १८३२ मध्ये बंद पडली. तिच्यापाशी अध्यापकवर्ग असा नव्हताच. जवळजवळ एकाच अधीक्षकाने सर्व विषय शिकवायचे, वर मराठी-गुजरातीत पुस्तकेही तयार करायची, असा तो कारभार होता. ग्रँट महाविद्यालयाचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी विषयवार प्राध्यापक व शेजारी जमशेटजी जीजीभाई रुग्णालय अशी मांडणी केली आणि ती टिकली. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांत भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग व अनंत चंद्रोबा हे होते.

हे पदवीधर शहरात नामांकित झाले, तरी महाविद्यालयाची प्राध्यापकपदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठीच राखीव राहिली. त्या सेवेची परीक्षा १८५५ पासून भारतीयांना खुली होती, पण ती लंडनमध्ये होई. सेवेतील अधिकारी मूलतः लष्कराचा असल्यामुळे त्याची केव्हाही बदली होऊ शकत असे. एखाद्या विषयात आयुष्य घालवावे, संग्रहालय उभारावे, शिष्य घडवावेत, यासाठी लागणारी स्थिरता त्या व्यवस्थेत कमी होती. काही अधिकारी उत्तम शिक्षक व संशोधक होते, हे नाकारता येत नाही, परंतु ते त्यांच्या वैयक्तिक गुणांमुळे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे मेडिकल युनियनने या मक्तेदारीविरुद्ध सातत्याने आवाज उठविला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतही तसे ठराव झाले. सरकारचे ठरलेले उत्तर असे की, आवश्यक त्या योग्यतेची भारतीय माणसे पुरेशा संख्येने मिळत नाहीत. ती मिळतात की नाही हे पाहण्याची संधीच दिली जात नसल्याने वाद वर्षानुवर्षे तेथेच अडून राहिला.

परळचे महाविद्यालय

ही कोंडी फुटली ती एका देणगीच्या अटीमुळे. दिवंगत शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबई महानगरपालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी साडेचौदा लाख रुपये देऊ केले. अट एकच होती : येथे नेमले जाणारे सर्व प्राध्यापक व शिक्षक योग्य पात्रतेचे, स्वतंत्र व्यवसाय करणारे आणि सरकारी नोकरीत नसलेले भारतीय असावेत. सातवे एडवर्ड यांच्या स्मारकासाठी जमलेला निधी रुग्णालयाकडे वळला, आणि महाविद्यालय व रुग्णालय एकाच आवारात उभारण्याचे ठरले. वास्तुरचना जॉर्ज विटेट यांची. गेटवे ऑफ इंडियाचेही तेच वास्तुरचनाकार.

जागा परळची निवडली गेली, याला अर्थ होता. परळ-लालबाग हा गिरणगावाचा भाग. कोकण व घाटावरून आलेला कामगार, त्याची बाळंतीण, त्याचे आजारी मूल हे या रुग्णालयाचे पहिले रुग्ण. शेजारी जुन्या राजभवनात हाफकिन संस्था होतीच. १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आणि १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय लगतच सुरू झाले. पंधरा-सोळा वर्षांत परळ हे वैद्यकीय शिक्षण व संशोधनाचे केंद्र बनले.

२२ जानेवारी १९२६ हा केईएम रुग्णालयाचा स्थापनादिन मानला जातो. जीवराज मेहता १९२५ मध्येच अधिष्ठातापदी रुजू झाले होते. इमारतीची अंतर्गत मांडणी, विभागांची आखणी व नेमणुका या सर्वांत त्यांचा हात होता. महाविद्यालय व रुग्णालय या दोहोंवर एकच अधिष्ठाता ही येथील रचना आजही कायम आहे. वर्गात शिकविणारा आणि वॉर्डात उपचार करणारा हा एकच माणूस आहे व त्याने एकाच प्रमुखाला उत्तर द्यायचे आहे, हे तत्त्व त्या रचनेत गृहीत आहे. दोन वेगळे प्रमुख असते तर शिकवण्याच्या वेळी रुग्ण आणि रुग्णांच्या वेळी वर्ग अशी सबब सहज निघाली असती.

अधिष्ठाता म्हणून कार्य

विश्वस्तांची अट अभिमानास्पद होती, पण अधिष्ठात्याच्या दृष्टीने तितकीच अवघडही. सरकारी सेवेतील प्राध्यापकाला पगार, निवृत्तिवेतन व बढती असे. येथे चिकित्साशास्त्राचे बहुतेक अध्यापक मानद होते. म्हणजे गावात दवाखाना चालवून पोट भरायचे आणि सकाळचे तास रुग्णालयाला द्यायचे. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र अशा मूलभूत विषयांना मात्र पूर्णवेळ वेतनी अध्यापकांवाचून गत्यंतर नव्हते. शवविच्छेदनाचे टेबल व प्रयोगशाळा सकाळच्या दोन तासांत सांभाळता येत नाहीत. पूर्णवेळ व मानद अशा दोन प्रकारच्या माणसांना एका संस्थेची माणसे करणे, हे पहिल्या अधिष्ठात्याचे खरे काम होते.

आजच्या वाचकाला मानद पद्धत समजावून सांगणे आवश्यक आहे. रुग्णालयात वैद्यकाचे व शल्यक्रियेचे स्वतंत्र पथक असे. पथकाचा प्रमुख मानद वैद्य किंवा मानद शल्यचिकित्सक, त्याच्या हाताखाली साहाय्यक मानद, त्याखाली पगारी निबंधक व निवासी डॉक्टर, आणि सर्वांत शेवटी विद्यार्थी. ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण विभाग, ठरलेल्या वारी शस्त्रक्रिया, आणि रोज सकाळी वॉर्डातली फेरी. विद्यार्थ्याने रुग्णाची हकिगत लिहून आणायची, खाटेशेजारी उभे राहून ती मांडायची, प्रमुखाने तीतील चुका सर्वांदेखत काढायच्या. पुस्तकातले वैद्यक रुग्णाच्या अंगावर कसे ओळखावे हे या फेरीत कळत असे. ज्या प्रमुखाची फेरी गाजे, त्याच्यामागे इतर पथकांतील विद्यार्थीही येऊन उभे राहत.

मानद अध्यापकाला पैसा मिळत नसताना तो का येई? त्याची कारणे संमिश्र होती. रुग्णालयाशी नाव जोडलेले असणे ही शहरातील व्यवसायात मोठी प्रतिष्ठा होती. केईएमचे मानद ही पाटी दवाखान्याबाहेर लागली की रुग्णांचा विश्वास वाढे. दुर्मीळ रोग पाहावयास मिळत. आणि या विशिष्ट महाविद्यालयाबाबत आणखी एक कारण होते. येथे आपण कमी पडलो तर भारतीयांना महाविद्यालय चालवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांचे खरे ठरेल, ही जाणीव सर्वांना होती. स्वार्थ व ध्येय अशी सरमिसळ असणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. संस्था बहुधा अशाच मिश्रणावर चालतात.

या पद्धतीचे दोषही उघड होते. दवाखान्याची वेळ झाली की फेरी आवरती घेतली जाई. वरची जागा वर्षानुवर्षे रिकामी होत नसल्याने साहाय्यक मानद केस पिकेपर्यंत साहाय्यकच राहत. संशोधनासाठी लागणारा सलग वेळ मानद अध्यापकाकडे क्वचितच असे.

पूर्णवेळ अध्यापक काय करू शकतो, याचे या महाविद्यालयातील ठळक उदाहरण म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. लंडनमधून विकृतिशास्त्राची उच्च पदवी घेऊन आलेले खानोलकर प्रथम ग्रँट महाविद्यालयात व नंतर परळला प्राध्यापक झाले. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवरील त्यांच्या संशोधनाने भारतीय विकृतिशास्त्राला जगाच्या नकाशावर स्थान मिळाले. १९४१ मध्ये ते शेजारच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले व पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मानद शल्यचिकित्सकांत डॉ. रुस्तम कूपर व डॉ. बाळिगा यांची नावे आजही घेतली जातात. विलेपार्ल्यातील महापालिकेचे रुग्णालय कूपर यांच्याच नावाने ओळखले जाते. केईएमचे मानद वैद्य डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयीचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. हे मेहता यांच्या कारकिर्दीनंतरचे असले तरी विनावेतन अध्यापकालाही रुग्णालयाच्या खाटांवर उच्च दर्जाचे संशोधन करता येते, हे त्यातून दिसले.

महाविद्यालय जेमतेम चार वर्षांचे असताना एक बाहेरचा आघात झाला. लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राच्या प्रात्यक्षिक शिक्षणातील उणिवा व तपासणीच्या अधिकाराचा वाद ही त्यामागील कारणे होती. मुंबईच्या पदवीधराला इंग्लंडमध्ये आपोआप मिळणारी नोंदणी थांबली. भारतीय वैद्यांच्या दृष्टीने हा स्वाभिमानाचा प्रश्न झाला आणि आमच्या महाविद्यालयांची पारख आम्हीच करू, या भूमिकेतून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला. शिक्षकांची संख्या, खाटांची संख्या, प्रात्यक्षिकांची संख्या अशा मोजमापांनी महाविद्यालय तपासण्याची रीत भारतात याच मार्गाने रुळली. अखिल भारतीय वैद्यक संघटनेच्या कार्यात जीवराज मेहता आघाडीवर होते व त्यांनी तिचे अध्यक्षपदही भूषविले.

१९४२ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षे, ते अधिष्ठातापदी राहिले. या काळात परळच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पदवीधरांमधूनच पुढची अध्यापकांची पिढी तयार झाली. योग्य भारतीय शिक्षक मिळत नाहीत, हा आक्षेप त्यानंतर कोणी गंभीरपणे घेतला नाही.

स्वातंत्र्यलढा

महानगरपालिकेच्या महाविद्यालयाचे प्रमुखपद व काँग्रेसशी निष्ठा अशी दोन्ही टोके त्यांनी एकाच वेळी सांभाळली. गांधीजींच्या आजारांत व उपवासांत सल्ल्यासाठी ज्या थोड्या डॉक्टरांकडे पाहिले जाई, त्यांत ते होते. १९३८ व १९४२ अशा दोन वेळा त्यांना कारावास भोगावा लागला. छोडो भारत आंदोलनातील अटकेच्या वर्षीच त्यांची अधिष्ठातापदाची कारकीर्द संपली. हंसा मेहता यांनीही सत्याग्रहात तुरुंगवास भोगला होता.

प्रशासन व राजकारण

स्वातंत्र्यानंतर ते केंद्र सरकारचे आरोग्यसेवा महासंचालक व आरोग्य खात्याचे सचिव झाले. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा १९४६ मधील अहवाल तेव्हा सरकारपुढे होता. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापक पूर्णवेळ वेतनी असावेत व त्यांनी खासगी व्यवसाय करू नये, अशी शिफारस त्या अहवालात होती. मानद अध्यापकांच्या बळावर महाविद्यालय चालवून दाखविलेला माणूस ही शिफारस अमलात आणणाऱ्या खात्याच्या प्रमुखपदी यावा, हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र या पदावर ते अल्पकाळच होते. ४ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी बडोदा संस्थानच्या दिवाणपदाची, म्हणजे तेथील लोकप्रतिनिधींच्या सरकारच्या प्रमुखपदाची शपथ घेतली. पुढल्याच वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

त्यानंतर ते मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात आले. सार्वजनिक बांधकाम, अर्थ, दारूबंदी अशी खाती त्यांनी सांभाळली. बाळासाहेब खेर, मोरारजी देसाई व यशवंतराव चव्हाण या तिघांच्याही मंत्रिमंडळांत त्यांनी काम केले. द्वैभाषिक राज्याच्या वादळी वर्षांत ते अर्थमंत्री होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली आणि जीवराज मेहता गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. नव्या राज्याची प्रशासकीय घडी बसविण्याचे काम त्यांच्याकडे आले. पक्षांतर्गत मतभेदांमुळे सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले व बलवंतराय मेहता मुख्यमंत्री झाले. १९६३ ते १९६६ या काळात ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. ज्या लंडनमध्ये ते कर्जाऊ शिष्यवृत्तीवर शिकले, तेथे ते पन्नास वर्षांनी देशाचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९७१ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते अमरेलीतून लोकसभेवर निवडून आले.

मुंबईच्या उपनगरांत रुग्णालय असावे यासाठी त्यांनी प्रयत्न केले. विलेपार्ले येथील डॉ. बालाभाई नानावटी रुग्णालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता.

७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. खानोलकर यांचेही निधन त्याच वर्षी झाले.

महाविद्यालयाचा पुढील प्रवास

मेहता यांच्यानंतरच्या दशकांत मानद पद्धत हळूहळू मागे पडली व पूर्णवेळ अध्यापकांची संख्या वाढली. अध्यापकांनी केवळ तास घेऊन न थांबता आपले काम लिहून काढावे, या हेतूने महाविद्यालय व रुग्णालयाच्या अध्यापकांच्या मंडळाने १९५५ मध्ये जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन हे नियतकालिक सुरू केले. ते आजही चालू आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या अध्यापकांनी चालविलेले नियतकालिक सत्तर वर्षे टिकणे ही आपल्याकडे सामान्य गोष्ट नव्हे.

अध्यापकांना अध्यापनाचे प्रशिक्षण द्यावे लागते, हा विचार भारतात पुष्कळ उशिरा आला. उत्तम डॉक्टर आपोआप उत्तम शिक्षक असतो, अशी दीर्घकाळ समजूत होती. (शाळामास्तरांना मात्र अध्यापनाची पदवी सक्तीची, हा भेद शिक्षकी पेशातील माणसाच्या नजरेतून सुटत नाही.) भारतीय वैद्यक परिषदेने २००९ पासून वैद्यकीय अध्यापकांसाठी मूलभूत अभ्यासवर्ग सुरू केले. त्याआधीच परळच्या याच महाविद्यालयात फेमर या आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानाची प्रादेशिक शाखा स्थापन झाली होती. अनेक राज्यांतील वैद्यकीय अध्यापकांनी तेथे शिक्षणशास्त्राचे धडे घेतले आहेत.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले हे महाविद्यालय आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या म्हसरूळ येथील मुख्यालयातून मुंबईच्या जुन्या ग्रँट महाविद्यालयापासून नाशिकच्याच आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत राज्यभरच्या महाविद्यालयांच्या परीक्षा व संलग्नता पाहिली जाते. अध्यापकांची उपस्थिती हा आज नियमनाचा कळीचा विषय आहे. कागदावर नाव असलेला पण वर्गात न दिसणारा अध्यापक, ही देशभरच्या तपासण्यांमध्ये वारंवार निघणारी तक्रार. तिच्यावर उपाय म्हणून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आणली आणि किमान ७५ टक्के उपस्थितीची अट घातली. अलीकडे चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेकडेही तो वळला आहे.

हजेरीने अध्यापक आवारात आहे एवढेच कळते. तो कामात किती रमला आहे हे मोजण्याचा निराळा प्रयत्न अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फॅकल्टी फॉरवर्ड या उपक्रमातून सुरू केला. संस्थेचे ध्येय स्पष्ट आहे का, विभागप्रमुख ऐकून घेतात का, बढतीचे निकष ठाऊक आहेत का, सहकाऱ्यांशी संबंध कसे आहेत, आणखी काही वर्षे येथे राहावेसे वाटते का, असे प्रश्न अध्यापकांना विचारून त्यांच्या उत्तरांची इतर महाविद्यालयांशी तुलना केली जाते. ज्या विभागाची उत्तरे खालावलेली, तेथे कारण शोधून बदल करायचा, अशी ती पद्धत. १९२५ मध्ये परळला असली प्रश्नावली नव्हती. मात्र यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या प्रत्येक अध्यापकाला न विचारता ठाऊक होते, कारण ते देणगीपत्राच्या अटीतच लिहिलेले होते. पुढच्या पिढ्यांना ते उत्तर दरवेळी नव्याने शोधावे लागले आहे.

स्मृती

अहमदाबाद येथील डॉ. जीवराज मेहता रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. केईएम रुग्णालयात दरवर्षी सुमारे १८ लाख बाह्यरुग्ण व ८५ हजार आंतररुग्ण उपचार घेतात. रुग्णालयाचा स्थापनादिन २२ जानेवारीस पाळला जातो. हंसा मेहता यांचे निधन ४ एप्रिल १९९५ रोजी झाले.